पट्ट्या, भाता आणि सहा पेन्सिल सेल

आठ-दहा हजारांना मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डात काय काय असतं? एकसष्ट पट्ट्या, चारशेच्या आसपास आवाज, शंभराच्या आगेमागे ताल, दोन-अडीच वॅटचे दोन स्पीकर आणि पोटात सहा पेन्सिल सेलांचा खण. चारशे आवाजांपैकी घरात वापरात येतात पाच-सहा. बाकीच्यांत कुत्र्याच्या भुंकण्यापासून टाळ्यांच्या कडकडाटापर्यंत सगळं असतं आणि पाहुण्यांची मुलं ते एका दुपारीत संपवतात. शिवाय 'डेमो' नावाचं एक बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं की कीबोर्ड स्वतःच इतकं सुरेख वाजवायला लागतो की आपण पुन्हा पट्टीला हात लावायला धजत नाही.

माझ्या आईनं बँकेतून निवृत्त झाल्यावर असा एक कीबोर्ड घेतला. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत तो शिलाई मशीनच्या टेबलावर असतो. माझे धाकटे काका ठाण्याला राहतात आणि पेटी वाजवतात. गुरुवारचं भजन, अधूनमधून कीर्तन, हौशी मंडळींचे नाट्यगीतांचे कार्यक्रम. कीबोर्ड घरात आला त्या दिवसापासून या दोघांचा वाद सुरू आहे. तो एका बैठकीत झालेला नाही, सणावाराला हप्त्याहप्त्यानं झालाय. मी इथे तो सलग मांडते आहे. काकांनी एकच अट घातली, माझी वाक्यं गुळगुळीत करायची नाहीत. आईनं अट वगैरे घातली नाही, फक्त 'छापायच्या आधी मला वाचून दाखव' म्हणाली. म्हणजे तेच.

काका : वहिनी, एवढ्या पैशांत थोडे घालून बरी जुनी पेटी आली असती. मिरजेला सांगून मी आणवली असती.

आई : आणि वाजवली कधी असती, भावोजी? संध्याकाळभर तुमचे दादा बातम्या लावून बसतात. मला मोकळा वेळ मिळतो रात्री साडेदहानंतर. तेव्हा पेटी काढली तर वरच्या मजल्यावरचे खाली येतील. याला हेडफोनची पिन खोचली की स्पीकर गप्प. मी कितीही बेसूर वाजवलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

काका : इथेच घोटाळा आहे. पत्ता लागायला हवा. आम्ही लहानपणी चुकलो की आतून आई ओरडायची, 'अरे, तो निषाद कोमल आहे!' पोळ्या लाटता लाटता.

आई : सासूबाईंना गाणं कळत होतं. माझ्या माहेरी रेडिओ होता तो बाजारभावांपुरता. आणि आता या वयात मला आतून कुणी ओरडावं अशी हौस नाही. पस्तीस वर्षं काउंटरवर ऐकून घेतलंय.

काका : बरं, मग कानाचं काय करणार? यातला गंधार चढा आहे. रोज तोच ऐकत राहिलात तर खरा गंधार कानाला उतरलेला वाटायला लागेल.

काकांच्या या म्हणण्यात तथ्य आहे. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले तर कीबोर्डात दर दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये बरोबर शंभर भागांचं अंतर असतं. सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो मात्र षड्जापासून ३८६ भागांवर असतो आणि कीबोर्डाचा ४०० वर. चौदा भागांचा हा फरक गाणाऱ्याला खुपतो. पण आईनं तोवर वाचन सुरू केलं होतं, आणि निवृत्त बँकवाली बाई एकदा वाचायला लागली की खातं पूर्ण तपासते.

आई : तुमच्या पेटीतला गंधार कुठला उतरलेला असतो? आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली ती याच कारणासाठी ना? स्वर ठोकळ्यांसारखे, मींड नाही, श्रुती नाही, वाद्य परकं. पेटीबद्दल तेव्हा जे बोलत होते तेच तुम्ही आज याच्याबद्दल बोलताय.

काका : पेटीवाल्यांना ती बंदी अजून सलते, माहितेय? बंदी सैल व्हायला तीन दशकं गेली. पण पेटीवाले गप्प नाही बसले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स साहेबाबरोबर श्रुतींच्या पेटीसाठी खटपट केली. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली. आणि ते सोडा, माझी स्वतःची पेटी मी गंधार-धैवत उतरवून जुळवून घेतली आहे.

आई : कुठल्या पट्टीत?

काका : काळी एक.

आई : आणि बुवा म्हणाले, आज पांढरी चार, तर? तेव्हा त्या उतरवलेल्या गंधाराचं काय होतं?

काका : तेव्हा मी दुसरी पेटी नेतो.

(हे वाक्य गुळगुळीत केलेलं नाही.)

न्यायानं सांगायचं तर काही कीबोर्डांत स्वरांतरं बदलण्याची सोय असते. षड्ज कोणता ते सांगायचं, की त्या हिशेबानं गंधार-धैवत खाली सरकतात, आणि पट्टी बदलली तर पुन्हा नवा षड्ज सांगायचा. कानस ना कारागीर. आईच्या कीबोर्डात ती सोय नाही. मला विचाराल तर नवशिक्यासाठी सुरांच्या बारकाव्याचा हा वाद थोडा पुढचा आहे. पेटीवर शिकलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं उत्तम गायली. गळा पट्टीला चिकटवून न ठेवता अधूनमधून तंबोऱ्यावर गायलं की झालं. काकांचा खरा मुद्दा वेगळाच होता आणि तो त्यांना एका दिवाळीत सापडला.

काका : यात पेटीचा आवाज आहे म्हणालात. लावा बघू.

आईनं आकडे दाबून हार्मोनियम लावली. काकांनी सवयीनं सा धरला, मग रे, मग जरा ठसक्यात ग. ग मोठ्यानं आला. त्यांनी पुन्हा हळू दाबला, हळू आला. आपटला, ओरडला.

काका : हे काय? पेटीची पट्टी आपटली की पेटी ओरडते?

आई : टच आहे त्याला. जोरात दाबलं की मोठा आवाज.

काका : अहो, पण पेटीत तसं नसतं! पट्टी नुसती झडप उघडते. फुंकर मारा नाहीतर गुद्दा, आवाज तेवढाच. लहान-मोठेपण सगळं भात्यात. म्हणजे ज्यानं हे यंत्र केलं त्यानं पेटीचा आवाज भरला आणि पेटी कशी वाजते तेच विसरला.

आई : मग टच बंद करते.

तिनं बंद केला. आता प्रत्येक स्वर एकाच मापाचा आला, भाता कुणीतरी दोरीनं बांधून ठेवल्यासारखा. काकांनी दोन ओळी वाजवल्या आणि हात काढून घेतला.

सगळ्या वादात मला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते. पेटीत लहान-मोठेपण डाव्या हातात असतं. टच असलेल्या कीबोर्डात ते उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांत येतं. अगदी स्वस्त, टच नसलेल्या कीबोर्डात ते कुठेच नसतं. एक आवाजाची खुंटी असते, ती एकदा फिरवायची आणि विसरायची. त्यावर वर्षभर वाजवलेल्या मुलाचा हात टाइपरायटरवरच्या हातासारखा होतो, बोटं बरोबर जागी पडतात पण ओळ कुठे जड करायची आणि कुठे सोडायची याची हाताला सवयच नसते. दुकानात चारशे आवाजांचा आणि सहाशे आवाजांचा असे दोन ठेवलेले असतात आणि माणूस सहाशेचा उचलतो. बघायला हवं ते टच आहे की नाही हे.

टच कसा चालतो ते आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. एका पावसाळ्यानंतर मधल्या सप्तकातली पांढरी सहा किंचाळायला लागली. बोट नुसतं टेकवलं तरी आवाज पूर्ण जोरात. मी कीबोर्ड उलटा करून तळाचे स्क्रू काढले आणि काकांनी मोबाइलची बत्ती धरली. पट्ट्यांच्या खाली राखाडी रबराची लांब पट्टी असते, तिला प्रत्येक पट्टीखाली एक फुगवटा आणि फुगवट्याच्या आत कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका खालच्या सर्किटला टेकतो आणि निमिषभरानं दुसरा. या दोन टेकण्यांमधला वेळ आतली चिप मोजते. वेळ कमी, म्हणजे बोट वेगानं आलं, म्हणजे आवाज मोठा. आमच्या पांढऱ्या सहाखाली धुळीचा एक बारीक धागा बसला होता. ठिपक्यांना बोट न लावता, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवला, वाळू दिलं, रबर परत भोकांत बसवलं. काका त्या दिवशी एक शब्द वाकडं बोलले नाहीत. पेटीचा सूर अडला की तेही पितळी जिभेखालून कागदाची चिठी सरकवून असाच कचरा काढतात. स्क्रू आवळताना एवढंच म्हणाले, "जोर नाही मोजत, वेळ मोजतं होय!" त्यांना ते पटलं होतं की खटकलं होतं, कळलं नाही.

आई : भाता नाही म्हणून तुम्ही रडता. भाता नाही म्हणून माझा डावा हात मोकळा आहे, ते नाही दिसत?

काका : मोकळा हात काय करतो? एक बोट दाबून ठेवतो आणि अख्खा बँड वाजायला लागतो.

आई : नाटकात पायपेटी आली तेव्हा वादकाचे दोन्ही हात मोकळे झालेच ना? पाय हवा भरतात आणि हात वाजवतात. नाट्यसंगीताचा तो भरदार ऑर्गन तुम्हाला चालतो.

काका : ऑर्गनवर दोन्ही हात वाजवतात, वहिनी. तुमचा डावा हात हुकूम सोडतो. बोट एक, वाजवणारे आठ, आणि त्या आठांतल्या कुणालाही तुम्ही काय गाताय ते माहीत नाही. परवा यमन वाजवत होतात, डाव्या हातानं ते कॉर्डचं चालू. तुमच्या उजव्या हातात तीव्र मध्यम आणि त्यांचा बास बिनधास्त शुद्ध मध्यमावर फिरून येतोय. ऐकलंत का तुम्ही?

आई : ऐकलं. म्हणून तर बंद केलं नंतर.

काका : नंतर!

कॉर्डची साथ आईनं खरोखरच बंद केली. डाव्या हातानं ती आता नुसता सा धरून ठेवते, तंतुवाद्याच्या लांबणाऱ्या आवाजात. उजव्या हाताचा आवाज काकांनीच बदलायला लावला. ती पियानोवर भावगीतं वाजवायची आणि दीर्घ स्वर अर्ध्या वाटेत विझायचे, कारण पियानोचा स्वर दाबल्यापासून मरतच असतो. भजन-भावगीताला ऑर्गन किंवा बासरीसारखा टिकणारा आवाज लावला की स्वर कधी सोडला तेही ऐकू येतं. बोट उचलण्यातली कुचराई पियानोत लपते, ऑर्गनमध्ये उघडी पडते. हा सल्ला मला कुठल्याही पुस्तिकेत दिसला नाही. पुस्तिकेत रस असतो तो पहिल्या क्रमांकाच्या ग्रँड पियानोत.

अंगठ्याचंही तसंच. आई सुरुवातीला सा रे ग म चार बोटांनी वाजवायची आणि प ला करंगळी संपली की हात उचलून पुढे ठेवायची. ओळ तिथेच तुटायची. पांढरी एकपासून वाजवताना सा ला अंगठा, रे ला तर्जनी, ग ला मधलं बोट, आणि मधलं बोट ग वर असतानाच अंगठा तळहाताखालून सरकून म वर तयार. मनगट न उडवता. ऐकायला सोपं, पण करताना अंगठा हट्टी मुलासारखा मागे राहतो. हे तिनं हळू, फार हळू घोटलं, हेडफोन लावून. बाहेर ऐकू यायचा फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा टकटक आवाज, आणि बाबा विचारायचे, "पाल आहे का ग कुठे?"

काका : यातली बासरी बासरी नाही, सनई सनई नाही. चारशे सोंगं.

आई : 'नागिन'मधली बीन तरी बीन होती का? १९५४ साली कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली ती, विजेच्या वाद्यावर. तिला साथ रवींच्या पेटीची. आणि अजून कुठेही ती धून लागली की माणसं रुमाल दातांत धरून नाचतात. सोंग म्हणून कुणी थांबलं नाही.

काका : कल्याणजींनी ते वाद्य घोटून त्यातून बीन काढली. तुमच्यात आकडा टाकला की बीन येते.

आई : येते, पण तशी येत नाही. माझ्यात स्वर वाकवायचं चाकच नाही. म्हणजे घोटायला जागा आहे म्हणा की.

इथे मी एकदा तोंड घातलं. कारण घरगुती कीबोर्डवाल्यांकडे आणि पेटीवाल्यांकडे पाहताना एक तिसरा माणूस नेहमी सुटतो, ज्याचं पोट या वाद्यावर आहे. लालबाग-परळच्या मिरवणुकीत किंवा कोकणातल्या लग्नात बेंजो पार्टी येते, तिच्यात ऑक्टोपॅडशेजारी टेम्पोच्या फळीवर उभा राहून एक मुलगा कीबोर्ड वाजवत असतो. खाली खड्डे, शेजारी जनरेटर, अंगावर गुलाल. कुणी गाण्याचं नाव ओरडलं की पुढच्या ठेक्याला ते गाणं सुरू. अशा मुलांपैकी बरेच जण शिकले ते अशाच जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या साध्या कीबोर्डवर.

काका : त्या पोरांबद्दल मी कधी वाईट बोललो? त्यांची बोटं बघ. त्यांना गाणं पाठ असतं, यंत्र नाही.

मग मीही माझ्याकडची गोष्ट सांगितली. कॅसिओनं १९८१ साली एमटी-४० नावाचा छोटा, स्वस्त कीबोर्ड काढला. त्यातले ताल ओकुदा हिरोको या तरुणीनं बसवले होते, संगीताचं शिक्षण संपवून ती नुकतीच कंपनीत लागली होती. त्यात 'रॉक' नावाचा एक ठेका होता, बाससकट. चारेक वर्षांनी तो कीबोर्ड जमैकात कुणाच्या तरी हाती होता, वेन स्मिथनं त्या ठेक्यावर गाणं रचलं, किंग जॅमीनं ते ध्वनिमुद्रित केलं आणि 'स्लेंग टेंग' या नावानं रेगे संगीताची सगळी चालच बदलली. वाद्यवृंद गेले, यंत्रावरचे ठेके आले. एका बटणात भरून ठेवलेल्या तालानं.

काका : नुसतं बटण दाबून?

मी : ठेका संथ केला आणि त्यावर गायले.

काका : मग बटण दाबून नाही झालं ते. संथ केला म्हणजे त्यांनी तो ऐकला. वहिनी, तुम्ही तो दादरा लावता, कधी संथ करून बघितलात? कंपनीनं दिलेल्या वेगातच सगळी गाणी.

आई : पण तुमचा तबलजी काय वेगळं करतो? तोही तोच ठेका धरतो.

काका : धरतो, पण माझ्याकडे बघतो. मी अडलो की त्याला कळतं. तुमचा दादरा तुम्ही मधेच चहा टाकायला उठलात तरी चालूच असतो.

आई : अर्ध्या तासानं बंद होतो आपोआप.

काका : मेहेरबानी!

या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूनं आहे. तबला-तानपुरा भरलेले खास भारतीय कीबोर्ड आता मिळतात, यामाहाच्या एका मॉडेलात तर 'रियाज' नावाची सोयच आहे, आणि एकट्यानं बसणाऱ्याला तिचा आधार होतो. पण तालाचं बटण सुरुवातीपासून चालू ठेवणाऱ्याला स्वतःची लय सुटते कुठे ते कधी कळतच नाही, यंत्र सगळं झाकून नेतं. आधी पायानं ठेका, मग नुसता मेट्रोनोम, मग दादरा.

काळ्या पट्ट्यांचा किस्सा मात्र आईच्या खात्यात जमा. काका म्हणाले, भूप येतो म्हणता ना, वाजवा. आईनं काळी तीनवर बोट ठेवलं, मग काळी चार, काळी पाच, वरच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन. सा रे ग प ध. एकाही पांढऱ्या पट्टीला हात नाही.

काका : काळी तीनमधून कोण भूप वाजवतं?

आई : रात्री दिवा बंद असला की काळ्याच पट्ट्या बोटांना सापडतात. यांची झोप मोडते ना दिव्यानं. आता पुढचं बघा. पट्ट्या ह्याच पाच, फक्त डाव्या हातात धरलेला सा बदलते.

तिनं डाव्या हातात काळी एक धरली आणि त्याच पाच पट्ट्यांवर फिरली. दुर्गा. काळी दोन धरली, धानी. काळी चारवर मधमाद सारंग झाला. काळी पाच धरून ती खाली-वर गेली तेव्हा सरळ मालकंस ऐकू आला. वाचकाकडे चव्वेचाळीस छोट्या पट्ट्यांचा, मुलांच्या वाढदिवसाला आलेला कीबोर्ड असेल तरी हे आत्ता करून बघता येईल. सा चा आवाज न थांबणारा हवा आणि तो सतत धरून ठेवायला हवा, एवढंच. एरवी कानाला जुनाच षड्ज चिकटून राहतो आणि पाचही वेळा भूपच ऐकू येतो.

काका : ही मूर्च्छना. हे आमच्याकडे फार जुनं आहे.

आई : असेल की. मला अंधारात सापडलं.

काका : बरं, आता एक सांगा. भूपाचे स्वर हे पाच. देशकाराचेही हेच पाच. तुमच्या काळ्या पट्ट्यांना विचारा दोन्हींत फरक काय.

आई : त्या कशाला सांगतील? तुम्ही सांगा. म्हणून तर दर वेळी आल्याचा चहा करते.

काकांनी कीबोर्ड पुढे ओढला. ऑर्गनचा आवाज लावून घेतला, आकडे आईनं दाबले. भूपात गंधारावर कसं बसायचं ते दाखवलं, मग देशकारात धैवत धरून वरच्या अंगात कसं राहायचं, गंधाराला नुसतं शिवून कसं यायचं. बराच वेळ वाजवत होते. डावा हात सारा वेळ कीबोर्डच्या मागे हवेत पुढे-मागे होत होता, भाता मारल्यासारखा. आईनं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

आता घेणाऱ्यांसाठी घाईत चार गोष्टी, कारण हा वाद ऐकून दोन शेजाऱ्यांनी मला विचारलंच. पट्ट्या पूर्ण मापाच्या घ्या, छोट्यांवर शिकलेलं बोट मोठ्यांवर अडखळतं. टच हवाच. जुना घेत असाल तर प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबून बघा, सगळ्या एकसष्ट, दुकानदार कंटाळला तरी. अडॅप्टर त्याच्याबरोबरचाच वापरा. कुणाला बारा व्होल्ट लागतात, कुणाला साडेनऊ, आणि पिनीच्या आत अधिक की उणे हेही वेगवेगळं असतं. मागे छापलेली खूण न बघता कपाटातला जुना अडॅप्टर लावू नका. परीक्षेची हौस असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हा पियानोहून वेगळा विषय आहे. आईला एका क्लासवाल्यांनी ते सुचवलं होतं. ती म्हणाली, मी बँकेच्या बढतीच्या परीक्षा दिल्यात, पुरे.

सध्या वाद अडला आहे तो ट्रान्स्पोजवर. आईचा आवाज काळी चारचा. ती पडद्यावर वजा चार आकडा आणते, वाजवते पांढरी एकपासून आणि ऐकू येते काळी चार. काकांना हे अजिबात खपत नाही.

काका : बोट पांढरी एकवर आणि सूर काळी चारचा. डोळ्यांना एक, कानाला दुसरं. याला काय म्हणायचं?

आई : तुमच्या स्केल चेंजर पेटीत काय होतं? खालचे सूर तिथेच, वरच्या पट्ट्या सरकवायच्या. माझी सरकत नाही, मोजते एवढंच.

काका : म्हणून मी स्केल चेंजर घेतली नाही.

आई : म्हणून तुम्ही दोन पेट्या वाहता.

काका : वहिनी, या गणपतीत आरतीला माझ्याबरोबर वाजवायला बसा. बारा पट्ट्यांतून कुठूनही वाजवता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. ताल बंद, ट्रान्स्पोज शून्यावर.

आई : काळी चारमधून आरत्या बसवायला मला दिवाळी उजाडेल.

काका : मग या वर्षी पांढरी एकमधून वाजवा.

आई : आणि बायकांनी त्या पट्टीत आरती कशी म्हणायची? सोसायटीत म्हणणाऱ्या आम्ही बाराजणी आहोत आणि पुरुष चार, त्यातले दोन नुसत्या टाळ्या वाजवतात. तुम्हीच सांगा त्यांना पट्टी बदलली म्हणून. मी नाही सांगणार.